मधली पट्टी

माझी धाकटी बहीण अंकूबाई हिचं लग्न दोनदा ठरून मोडलं आणि तिसऱ्या खेपेला झालं, त्या सालची ही गोष्ट. तेव्हा मला ते साल आकड्यात सांगता आलं नसतं. आता येतं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

लग्न वैशाखात उरकलं आणि भाद्रपदात आमचा वाडा नेहमीप्रमाणे बोरजाई गावात, गजरामावशीच्या रानात उतरला. वाडा म्हणजे आम्हा धनगरांचं चालतं बिऱ्हाड. दोन घोडी, चार कुत्री, दोनशे मेंढरं आणि पाच माणसं: मी, माझी बायको, भाऊ, भावजय आणि आमचे वडील तात्या. पोरं आजोळी असायची.

उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाघर ठोकत होतो. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. बांधावर एक जीप थांबली. पन्नाशीची एक बाई उतरली, चपला बांधावर काढल्या, थेट रानात आली आणि उकिडवी बसून मूठभर माती नाकाला लावली.

गजरामावशी लांबून ओरडली, “धुळा, ती माती खाती का काय बघ रं!”

“खात नाही, वास घेते,” बाई म्हणाल्या. “रान तुमचं का?”

“माझंच. आन् माती बी माझीच. ठिवा खाली.”

बाई हसल्या. हातातली माती त्यांनी जिथली तिथं ठेवली आणि हात झाडले. त्या इंगवले मॅडम. पुण्याहून आल्या होत्या. मातीचा अभ्यास हीच त्यांची नोकरी, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, “मग आमचा बी जन्म त्याच नोकरीत गेला की.”

मॅडम कशासाठी आल्या ते आम्हाला ठाऊक होतं. मावशीचं रान उताराला, आणि उताराच्या पायथ्याशी गावाचं तळं. त्या श्रावणात तळ्याचं पाणी हिरवंगार झालं. वर साय धरली, मासे उलटे तरंगले, हंडा भरला तर वास यायचा. गावाचं म्हणणं एकच होतं, की वरच्या रानात दरवर्षी मेंढरं बसतात, त्यांचं खत वाहून तळ्यात येतं. सरपंच सर्जेरावांनी मला बोलावून सांगितलं होतं, “धुळा, दसरा झाला की ग्रामसभा हाय. मॅडमचा रिपोर्ट बघू. मेंढरांचा दोष निघाला तर वाडा हलवायचा. मग गयावया करायची न्हाय.”

तसं पाहिलं तर एक गाव गेलं तर दुसरं मिळतं. पण त्या साली तात्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. जखम तळव्यातून घोट्यापर्यंत चढली होती आणि पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला होता. बोरजाईत दवाखाना होता. एक दिवसाआड ड्रेसिंग व्हायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवाळीपर्यंत चालायचं नाही, घोड्यावर बसायचं नाही, पाय लोंबता ठेवायचा नाही. तात्या मावशीच्या गोठ्यात बाजेवर पडून असायचे, पाय उशीवर. दिवाळीपर्यंत बोरजाईत राहायला मिळणं एवढंच मला पाहिजे होतं.

मॅडमनी रानाच्या खालच्या अंगाला तीन पट्ट्या आखल्या. साठ पावलं लांब, वीस पावलं रुंद. एकीचं पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून मधे पत्रे पुरले. प्रत्येक पट्टीच्या खालच्या टोकाला चारी काढून एकेक पिंप पुरलं. पाऊस आला की पट्टीवरून वाहून आलेलं पाणी पिंपात जमणार, आणि मी त्यातली एकेक बाटली भरून ठेवणार.

“एका पट्टीत रात्री तुमची मेंढरं बसतील,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्या कडेच्या पट्टीत पोत्यातलं खत टाकायचं, गावात सगळे टाकतात तेवढंच. आणि मधल्या पट्टीत काही नाही.”

“काही न्हाय म्हंजी?” मावशीनं विचारलं.

“काहीच नाही. लेंडी नाही, शेण नाही, पोत्यातलं खत नाही.”

“तिनं काय पाप केलंय?”

“पाप नाही हो. तुलनेला लागते. असं समजा, तीन पोरांतल्या एकाला काही वाढलं नाही, की बाकीच्या दोघांनी किती खाल्लं ते नीट कळतं.”

मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. “असली आई मी तरी कुठं बघितली न्हाय,” ती म्हणाली.

मला अक्षर येत नव्हतं, म्हणून मॅडमनी चिठ्ठ्यांचा नाद सोडला आणि मलाच विचारलं, बाटल्या ओळखायच्या कशा. मी म्हणालो, लोकर बांधू. मेंढरांच्या पट्टीला काळी, मधलीला पांढरी, पोत्यातल्या खताला तांबडा दोरा. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी वहीच्या पानावर तिन्ही धागे चिकटवून घेतले.

मेंढरं पंधरा दिवस बसली. मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. फावड्यानं मातीचा चौकोनी तुकडा काढायच्या, हातानं फोडायच्या, गांडुळं मोजायच्या. एकदा मेंढरांच्या पट्टीतलं ढेकूळ त्यांनी माझ्या तळहातावर फोडलं. ते आपोआप भुगा झालं.

“ही माती जिवंत आहे,” त्या म्हणाल्या. “हे तुमच्या मेंढरांचं काम.”

“मग तसं लिवा की सभेसाठी.”

“लिहीन. पण माती चांगली होणं आणि खालचं पाणी चांगलं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धुळा. जे खत मातीत मुरतं ते सोनं. पावसाबरोबर निसटून तळ्यात गेलं, की तेच शेवाळाचं खाणं होतं.”

मावशी तिथंच उभी होती. मॅडम गेल्यावर म्हणाली, “खतानं कधी वाईट व्हतं व्हय? शिकल्याली मानसं.”

मी त्या मधल्या पट्टीचं तात्यांना सांगितलं. तात्या बाजेवर उठून बसले. “रानाचा एक कोपरा उपाशी ठिवून वाघर उठवायची न्हाय,” ते म्हणाले. “माझ्या आज्यानं सांगितलंय. रान मालकाला सोडतंय, पर मेंढक्याला सोडत न्हाय.”

“मॅडमनी बजावलंय, तात्या.”

“मॅडम जाईल पुण्याला. वाघर तू ठोकलीयास.”

दोन दिवसांनी भर दुपारी मेंढरं वळवून आलो तर मावशी मधल्या पट्टीत. कमरेला पाटी, पाटीत वाळलेली लेंडी. पेरणी करावी तशी मुठीनं टाकत चालली होती, एका ओळीत, सावकाश. मला बघून थांबली नाही.

“कुणाला सांगू नगंस,” म्हणाली. “मूठ-मूठच टाकते. वरनं माती सारते, दिसत बी न्हाय. रोज बांधावनं जाते तर ती पट्टी माझ्याकडं बघती रं.”

तिची पाटी रिकामी झाली तेव्हा वाघरीतली लेंडी खराट्यानं गोळा करून मीच भरून दिली. पुढं रोज दुपारी हे चाललं. मला ते चुकीचं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की वाघर उठवताना आता कुठला कोपरा उपाशी नाही.

हस्ताचा पाऊस तीनदा आला. मी तिन्ही वेळा पिंपातलं पाणी भरून बाटल्यांच्या गळ्याला लोकर बांधली. मॅडम बाटल्या घेऊन गेल्या. दसरा झाला. सभेच्या आदल्या दिवशी त्या आल्या त्या थेट गोठ्यात, तात्यांच्या बाजेपाशी.

“काय निघालं?” तात्यांनी विचारलं.

“तांबड्या दोऱ्याच्या बाटलीत सगळ्यात जास्त. काळी आणि पांढरी जवळजवळ सारख्या. म्हणजे जिथं मेंढरं बसली तिथलं पाणी आणि जिथं काहीच टाकलं नाही तिथलं पाणी यांत फरक नाही. असं असेल तर मेंढरांमुळं जादा काही वाहून जात नाही. जे जातंय ते मातीतच होतं.”

तात्या हसले. काटा मोडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“मला हे पटत नाही,” मॅडम म्हणाल्या. “इतकी वर्षं हे काम करते, असं कधी आलं नाही. पण आकडे आहेत ते आहेत. उद्या मी हेच सांगणार.”

मावशी दाराशी गवताची पेंढी सोडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पेंढीकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की आम्ही दोघांनी काय केलं होतं. आणि हेही कळलं, की जे केलं ते आमच्या कामाला आलं होतं.

सभा सकाळी, मारुतीच्या देवळापुढं. तात्यांनी हट्ट धरला म्हणून मी आणि भावानं त्यांना बाजेसकट उचलून नेलं. दीडशे-दोनशे माणूस असेल. बायका एका अंगाला, त्यांत मावशी.

मॅडमनी आकडे सांगितले. सर्जेराव ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही आठवड्यातनं एकदा येणार. बाकी सहा दिवस रान कुणाच्या ताब्यात? धनगराच्या. मधल्या पट्टीत काय पडलं न्हाय कशावरनं?”

“सर्जेराव, धुळानं एकेक बाटली माझ्यासाठी जपून ठेवली आहे.”

“मग त्याला तसं लिवून द्यायला सांगा.”

“मी लिहूनच आणलंय,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद काढला, शाईचं पॅड उघडलं आणि मला पुढं बोलावलं. मी डावा अंगठा पॅडवर दाबला.

अंगठा कागदाजवळ नेला आणि विचारलं, “ह्यात काय लिवलंय?”

“तीनच ओळी आहेत. पट्ट्या आखल्या त्या दिवसापासून मी रानात हजर होतो. बाटल्या मी स्वतः भरल्या. मधल्या पट्टीत लेंडी, शेण किंवा दुसरं कुठलंही खत टाकलेलं नाही.”

आजवर मी पुष्कळ कागदांवर अंगठा दिला होता. चराईच्या, रेशनच्या, कुठल्याकुठल्या. त्यांत काय लिहिलंय ते कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी का विचारलं, सांगता येत नाही.

बाजेवर तात्यांचा पाय दिसत होता. पांढरं फडकं, त्यातून थोडं पिवळं आलेलं. पलीकडं मावशी पदराचं टोक दातात धरून बसली होती.

“मॅडम,” मी म्हणालो, “पांढऱ्या लोकरीच्या बाटल्या टाकून द्या. त्या पट्टीत खत पडलंय.”

“कुणी टाकलं?”

“मी.”

मग फार गलका झाला. “बघा! बघा म्हटलं न्हवतं?” “दोनशे मेंढरांचा मालक, आन् मुठीनं खत टाकतोय!” कुणीतरी म्हणालं, “अरं, लबाडी करायची तर निदान शेवटपर्यंत तरी करायची!” त्यावर सगळे हसले. मॅडम हात वर करून सांगत होत्या की या आकड्यांवरून आता काहीच ठरत नाही, मेंढरांच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही, पुन्हा एक वर्ष काम करावं लागेल. कुणी ऐकत नव्हतं. सर्जेरावांनी ठराव केला, तीन दिवसांत वाडा हलवायचा. मी अंगठा धोतराला पुसला.

सभा उठल्यावर मॅडम मला घेऊन रानात आल्या. मधल्या पट्टीत खाली बसल्या आणि बोटानं वरची माती बाजूला सारत गेल्या. लेंडीचा एक पट्टा निघाला, हातभर सोडून दुसरा, मग तिसरा.

“तुम्ही टाकलंत?”

“व्हय.”

“मेंढरं अशी ओळीत हगत नाहीत.”

“न्हाय.”

“आणि मेंढकेही असं टाकत नसावेत. हा पेरणाऱ्याचा हात आहे.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माती परत सारखी केली. “तुम्ही हे काल गोठ्यात का नाही सांगितलंत? आपण सभाच पुढं ढकलली असती.”

काल तात्या हसले होते, एवढंच मला सांगता येईल, आणि ते मी सांगितलं नाही.

गोठ्यात आलो तर तात्या भिंतीकडं तोंड करून.

“एवढं खरं बोलायला तुला कुणी सांगितलं व्हतं?”

“अंगठा मागत हुत्या, तात्या.”

“मग द्यायचा. अंगठ्याला काय कळतंय.”

मी बाजेखालचा तांब्या भरून ठेवला. मग त्यांनी विचारलं, “किती पाट्या गेल्या त्या पट्टीत?”

“धा-बारा तरी.”

“मग ज्वारी चांगली यील तिथं,” तात्या म्हणाले आणि पाय उशीवर सारखा केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडी लादत होतो. मावशी आली. हातात भाकरीचं गठुडं.

“म्हाताऱ्याला ठिवून जा. मी बघते त्याचं. दवाखान्यात मी नेते.”

तात्यांनी आतून सांगितलं, “मेंढरं गेल्यावर मी हितं काय गोठ्यातलं वासरू हाय व्हय? बसवा मला घोडीवर.”

मावशीनं पुन्हा म्हणून पाहिलं, माझ्या बायकोनं पाहिलं. तात्यांपुढं कुणाचं चालत नसे. आम्ही घोडीच्या दोन्ही अंगाला घोंगड्यांच्या वळकट्या बांधल्या आणि पाय आडवा राहील असं बसवलं. तो फार वेळ आडवा राहणार नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं.

मावशी माझ्यामागं बांधापर्यंत आली.

“माझं नाव का न्हाय घेतलंस?”

“तुमाला हितं ऱ्हायाचंय, मावशे. आमी जाणारच हाय.”

तिनं गठुडं माझ्या हातात दिलं आणि ती परत फिरली.

पुढच्या भाद्रपदात मॅडमनी पुन्हा पट्ट्या मागितल्या. सर्जेराव नको म्हणत होते. मावशीनं चावडीवर जाऊन सांगितलं, “रान माझं हाय. तुमच्या पोत्याचं खत बी त्यात बघायचंय, मेंढरं बी बघायचीत. दोन्ही बघू द्या.” आम्हाला निरोप आला आणि वाडा उतरला. मावशी बांधावर उभी होती. तिनं घोडी बघितली, मग माणसं मोजली. चार होती.

त्या साली मधल्या पट्टीजवळ तिनं बाज टाकली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ती तिथं काठी घेऊन बसायची. कुणाची शेळी आली तर हाकलायची, कोंबडी आली तर हाकलायची. एकदा मॅडम त्या पट्टीत पाऊल टाकणार तर म्हणाली, “पाय झटका आदी. चपलेला शेण आसंल.” पंधरा दिवसांत त्या पट्टीत पाखराच्या विष्ठेपलीकडं काही पडलं नाही.

पांढऱ्या लोकरीची बाटली स्वच्छ निघाली. तांबड्या दोऱ्याची सगळ्यात वाईट. काळी मधे. मेंढरांचं खत वाहून जात होतं, गाव म्हणत होतं तेवढं नाही, पण जात होतं. मॅडमनी आणखी दोन वर्षं काम केलं आणि नियम घालून दिला. तळ्याच्या वर दहा कासरे, म्हणजे शंभरेक हात, जागा सोडून मेंढरं बसवायची, त्या जागेत गवत वाढू द्यायचं, आणि मेंढरं उठली की दोन दिवसांच्या आत कुळव फिरवून लेंडी मातीत घालायची. पोत्यातल्या खतालाही तसाच नियम. गाव कुरकुरलं आणि मग पाळायला लागलं. तळं एकदम नाही सुधारलं. चौथ्या वर्षी हंड्याचा वास गेला. आमचा वाडा अजून तिथं उतरतो. आता माझा मुलगा उतरवतो.

शेवटच्या वर्षी मॅडमनी मला एक छापील पुस्तिका दिली. “आपल्या कामाची आहे. कुणाकडून तरी वाचून घ्या,” म्हणाल्या. मी ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. कुणाकडून वाचून घेतली नाही. सभेत सगळे हसले होते ते त्यात छापलं असेल असं मला वाटायचं, आणि मावशीचं नाव असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून गावात जायला नको होतं.

बावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. दुपारी मेंढरं सावलीला बसली की नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून. दोन वर्षं लागली. मग पेटी उघडली. अकराव्या पानावर ते होतं. बोट ठेवून वाचलं.

“पहिल्या वर्षी मधल्या पट्टीत खत पडल्याचे मेंढपाळाने भर सभेत स्वतः सांगितले. त्याचे मोठे नुकसान होणार हे त्याला माहीत होते. खत कोणी टाकले याची चौकशी आम्ही केली नाही. त्या वर्षीचे आकडे सोडून दिले आहेत.”

गजरामावशी दोन हजार चार साली पौषात वारली. इंगवले मॅडम दोन हजार नऊच्या जूनमध्ये पुण्यात वारल्या. त्यानंतर तीन वर्षांनी मी ते पान वाचलं. तात्या एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालीच वारले, वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी, बोरजाई सोडल्यापासूनच्या आठव्या मुक्कामावर.